मान वाकवून चालवायची गाडी

गॅरेजमध्ये त्यांना सगळे दाभणबाई म्हणत. मोटारींच्या सीटा शिवायचं काम, तेव्हा हातात कायम दाभण, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण त्यांचे टोचरे प्रश्न. गिऱ्हाईक उसवलेली सीट दाखवायला आलं की बाई आधी माणसाकडेच बघत. "तुम्ही पाकीट मागच्या खिशात ठेवून गाडी चालवता ना? उजव्या?" माणूस चपापून खिसा चाचपायचा. "आणि मागे बसणारं कुणीतरी नखं खातं. सगळी फटीत सापडली."

"वहिनी, अशाने गिऱ्हाइकं पळतील," असं त्यांचा दीर रोज म्हणायचा. अजून पळालं कुणी नव्हतं. उलट काही जण काम झाल्यावरही चहा घेत रेंगाळायचे, आपल्याबद्दल आणखी काय काय सीटमध्ये सापडलं ते ऐकायला.

हा दीर म्हणजे इंजिनचा मिस्त्री. दहा-बारा नंबरचा पाना त्याच्या हातातून सुटत नसे, म्हणून त्याला दहाबारा म्हणत. हमरस्त्यालगतच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मधोमध ताडपत्री टांगलेली होती. पलीकडे दहाबाराचं राज्य, तिथे ग्रीस आणि आरडाओरडा. अलीकडे बाईंचं, तिथे कातडं, काथ्या, स्प्रिंगा आणि वडिलांच्या वेळचं शिवणयंत्र. बाईंचे वडीलही सीटाच शिवायचे. इतर मुली भातुकली खेळायच्या त्या वयात या कातरलेल्या कातड्याच्या तुकड्यांशी खेळल्या. पुढे नवरा गॅरेजवालाच मिळाला आणि तो अवेळी गेल्यावर दीर-भावजयीने शेड वाटून न घेता ताडपत्री टांगली. भांडायला मधे काहीतरी असलेलं बरं असतं.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. बाईंचं म्हणणं, जुनी गाडी कारखान्यातून निघाली तशीच ठेवावी. बनवणाऱ्याने काही विचार केलेला असतो.

"त्याने त्याच्या काळचा विचार केला," ताडपत्रीपलीकडून आवाज यायचा. "त्याच्या काळी एवढे ट्रक होते का रस्त्यावर?"

"म्हणून काय तिला ट्रकचं इंजिन बसवशील?"

"बसलं तर बसवीन!"

अशा घरात ती विलायती गाडी आली, म्हणजे आगीत तेलच. दोन दारांची, लांबलचक बोनेटची, तारांच्या चाकांची. पुढे दोन ऐसपैस सीटा आणि मागे दोन इतक्या चिमुकल्या, की तिथे माणसाला बसवायचं ही शिक्षाच. जाणकार अशा गाडीला ग्रँड टूरर म्हणतात. लांबचे प्रवास आरामात करायला इंग्रजांनी काढलेली गाडी. मालक वर्षभरापूर्वी वारले होते. गाडीबरोबर त्यांची मुलगी आली, मुलगा आला, आणि दोघांचं भांडण आलं.

"ही गाडी आहे ताई, म्युझियम नाही," मुलगा म्हणत होता. "घाट चढताना तापते. ब्रेक लावायचा तर आठवडाभर आधी ठरवावं लागतं. नवा गिअरबॉक्स, रेडिएटरला विजेचा पंखा, हलकं स्टिअरिंग, एसी. मग रोज चालवता येईल."

"आणि बाबांची गाडी उरेल कुठे त्यात?" मुलगी म्हणाली. "एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. शिवण पण कारखान्यात होती तशीच हवी."

दहाबाराने मुलाकडे बघून मान डोलावली. दाभणबाईंनी मुलीकडे बघून. शेवटी तडजोड अशी झाली, की इंजिनचं नंतर बघू, ते नुसतं चालू करा. आतलं काम ताईच्या मर्जीने. सीटा मूळ बांधणीच्या आणि छताला आतून नवं कापड.

छताच्या कापडावर ड्रायव्हरच्या बरोबर डोक्यावर एक तेलकट डाग होता. बाईंनी बोट लावून वास घेतला. केसांचं तेल.

"वडील उंच होते तुमचे?"

"खूप," मुलगी हसली. "गाडीत डोकं टेकायचं छताला. कायम मान वाकवून चालवायचे. पण त्यातही काय रुबाब होता म्हणून सांगू! मित्र त्यांना त्यावरून चिडवायचे, तर म्हणायचे, 'विलायती गाडी आहे बाबांनो, तिच्यापुढे वाकावंच लागतं.'"

बाई हसल्या, पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता. असल्या गाड्या त्यांनी यापूर्वीही केल्या होत्या. चांगले उंचपुरे लोक आत आरामात बसत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रायव्हरची सीट उसवली आणि किड्याला खाद्यच मिळालं. कातडं झिजलं होतं ते सीटच्या पुढच्या काठाशी. मागचा भाग जवळपास कोरा. असं पुढे सरकून बसतं ते बुटकं माणूस. म्हणजे छत सांगत होतं उंच आणि सीट सांगत होती ठेंगणं. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि सीट खोटं बोलत नाही अशी बाईंची आजवरची खात्री होती.

कातड्याखाली आणखी एक नवल निघालं. कारखान्याच्या भरावावर कुणीतरी वेगळी जाडजूड गादी शिवून बसवली होती. आत घोड्याचे केस ठासून भरलेले. आणि शिवण? बाईंनी चष्मा पुसला. सरळ दोरा ओढत न्यायचा सोडून प्रत्येक टाका सुटा घातलेला. एक टाका, त्याची गाठ, दोरा कापला. मग पुढचा टाका, पुन्हा गाठ.

"हे बघायला ये," त्यांनी ताडपत्री वर केली. "हा कुठला शहाणा शिवणारा?"

"वेळ जात नसेल बिचाऱ्याचा."

"वेळ घालवणारा माणूस इतकं सारखं अंतर ठेवत नाही."

"मग विचारा ना ताईंना."

विचारायला हवंच होतं. पण इथे दाभणबाईंचा धंद्याचा अभिमान आडवा आला. मूळ बांधणीवर कुणीतरी लावलेलं ठिगळ, त्यात विचारायचं काय? घरी कुणी दळभद्री स्वयंपाक केला तर आपण त्याची पाककृती मागतो का? त्यांनी गादी काढली आणि सीट अगदी कारखान्याच्या मापाने बांधली. सपाट, घट्ट, देखणी. काढलेली गादी मात्र त्यांनी फेकली नाही. ते सुटे टाके त्यांना छळत होते. त्यांनी ती खिळ्याला टांगली आणि येताजाता तिच्याकडे बघत राहिल्या.

सीटा झाल्या त्या दिवशी दोघं भावंडं आली, आणि बरोबर आई. लहानखुरी, पांढऱ्या केसांची, मांडीवर पर्स घट्ट धरून स्टुलावर बसलेली. मुलगी सीटवरून हात फिरवून डोळे पुसत होती. मुलगा पंख्याचं पुन्हा काढत होता. आईला कुणी काही विचारत नव्हतं. दोघांचं भांडण बाबांच्या गाडीवरून चाललं होतं ना!

"बसून बघू का?" आई हळूच दाभणबाईंना म्हणाली.

"बस की आई," मुलाने पलीकडचं दार उघडलं.

आई त्या दाराशी गेलीच नाही. लांब बोनेटला वळसा घालून ती ड्रायव्हरच्या बाजूला आली, आत बसली, न बघता हात खाली घालून तिने सीट पुढे ओढली. सरावाचा हात होता तो, दाभणबाईंच्या नजरेतून सुटला नाही. आईने स्टिअरिंग धरलं. बाहेरून नुसते पांढरे केस दिसत होते.

"रस्ता दिसत नाही," आतून आवाज आला. "गाडी वाढली, की मी आटले?"

मुलं हसली. आई हसली नाही. तिचे हात स्टिअरिंगवरून खाली आले आणि ती तशीच बसून राहिली. दाभणबाई खिडकीशी वाकल्या.

"तुमचे मिस्टर काय करायचे हो?"

"जनावरांचे डॉक्टर."

"टाके घालायचे?"

"गाईंना, घोड्यांना. का?"

दाभणबाई आत गेल्या आणि खिळ्यावरची गादी घेऊन आल्या. आईने ती दोन्ही हातांनी घेतली, उलटी केली आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"एक तुटला तर बाकीचे धरून राहतात, म्हणायचे," ती म्हणाली. "त्यांना तेवढीच शिवण यायची."

मग सगळं बाहेर आलं. गाडी चालवायची हौस आईची. डॉक्टरांना गाडी चालवण्यापेक्षा खिडकीतून बाहेर बघायला आवडायचं. पण सुनेने गाडी चालवलेली सासूबाईंना खपली नसती. म्हणून दोघंच बाहेर पडली असली तर गाव सुटलं, पाण्याची टाकी मागे पडली, की डॉक्टर गाडी थांबवायचे आणि दोघं जागा बदलायची. येताना टाकीपाशी पुन्हा बदल. आईला समोरचं दिसावं म्हणून एका रविवारी त्यांनी ती गादी शिवली. आधी नुसती वर ठेवायची होती, पण वळणावर ती सरकायची. मग त्यांनी ती कातड्याखाली पक्की करून टाकली.

"म्हणजे बाबा..." मुलीने छताकडे पाहिलं.

"हो ना. गावात त्यांना त्याच गादीवर बसावं लागायचं. मी कितीदा म्हटलं, काढा ती. तर म्हणायचे, मान काय, आपोआप सरळ होते. तुला रस्ता दिसला पाहिजे."

"पण आजी गेल्यावर तरी?" मुलाने विचारलं.

"तोवर सवय झाली होती रे. गावात कधी चालवलीच नाही मी." आईने पर्स उघडून लायसन्स दाखवलं. "हे मात्र दर वेळी नवं करून घेते."

"ते तू ओळखपत्र म्हणून ठेवतेस ना?" मुलगी म्हणाली.

"तुम्ही विचारलंत का कधी?"

ताडपत्रीपलीकडे दहाबाराने चक्क पाना खाली ठेवला, म्हणजे प्रसंग गंभीरच. मुलगी दाभणबाईंकडे वळली. मूळ शिवण हवी म्हणून हट्ट तिचाच होता. "ही परत बसवता येईल?"

"उसवावी लागेल सगळी," बाई म्हणाल्या.

आयुष्यातलं बहुधा सगळ्यात चोख काम त्यांनी त्याच दुपारी स्वतःच्या हाताने उसवलं. जिवावर आलं, खोटं कशाला बोला. गादीचे काही टाके जीर्ण झाले होते. बाईंनी दोरा ओवला, सवयीने तो पुढे ओढत नेणार तेवढ्यात थांबल्या. एक टाका घातला. गाठ मारली. दोरा कापला. मग पुढचा. फार वेळखाऊ शिवण होती ती, पण त्या कुरकुरल्या नाहीत. त्यांना एवढंच राहून राहून वाटत होतं, की कारखान्यातल्या माणसाने सगळ्यांचा विचार केला होता आणि या माणसाने एकीचाच. आणि आपण त्याला ठिगळ म्हणालो. बाईंना स्वतःची लाज वाटली.

ऊन उतरल्यावर आई पुन्हा बसली. या वेळी काचेतून तिचा पूर्ण चेहरा दिसला. मुलगी शेजारी बसली. गादी चेपते की धरते ते बघायला दाभणबाईंना जायलाच हवं होतं, म्हणून मागच्या एका शिक्षेच्या जागेवर त्या बसल्या आणि दुसरीवर मुलगा, गुडघे हनुवटीला लावून.

"गाडी सुधारायचीच असेल तर इथून सुरुवात कर," त्यांनी त्याला सांगितलं.

आईने गाडी हमरस्त्याला घेतली. गाडी लहान मुलासारखी तिचं ऐकत होती. मैलामागून मैल ती चालवत राहिली, मधेच स्वतःशी हसली आणि म्हणाली, "पंखा मात्र बसव रे. तापते खरी. तुझे बाबा आणि मी बोनेट उघडून झाडाखाली बसायचो."

"आई!" मुलगी म्हणाली, पण रागाने नव्हे.

चढावर तापमानाचा काटा वर सरकायला लागला तेव्हा आईने गाडी वळवली. परतताना गॅरेज मागे गेलं. पुढे पाण्याची टाकी दिसली आणि गाडीचा वेग कमी झाला. टाकीच्या सावलीत, रस्त्याच्या अगदी कडेला, आईने गाडी थांबवली. गिअर काढला. दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"काही नाही. इथे उतरायचे मी."

मागून मुलगा उत्साहाने म्हणाला, "मी घेऊ का इथून? बाजारात फार गर्दी असेल."

दाभणबाईंनी त्याच्या पायावर जोरात पाय दिला. आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारत आलेल्या या बाईला त्या क्षणी कुणीही काहीही विचारू नये असं वाटत होतं.

आई मुठीवरच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने मान वर करून छताच्या डागाकडे पाहिलं. मुलीनेही पाहिलं.

"छताचं कापड राहू द्या," मुलगी दाभणबाईंना म्हणाली. "चल आई. घरी जाऊ."

आईने हात काढून गिअरवर ठेवला. आणि मान अगदी ताठ ठेवून, भर बाजारातून, तिने गाडी घरी आणली.