भव्यासाठी टाळ्या

समुपदेशक म्हणजे नक्की कोण, हे म्हैसूरच्या बेळगोळ रस्त्यावरच्या त्या प्राथमिक शाळेत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. त्यामुळे जे काम दुसऱ्या कुणाला नको असे, ते यशस्विनीच्या गळ्यात पडे. कुणी बाई रजेवर गेली की तिच्या वर्गावर बसायचं, स्नेहसंमेलन आलं की पोरांच्या झग्यांना हूक लावायचे. शिंप्याची लेक ना ती, मग सुई तिच्याच हातात. मुलांशी बोलायला तिला मिळाली होती ती खेळाच्या सामानाची खोली. वर बाकीच्या शिक्षिका वर्गात दम देत, "गप्प बसा, नाहीतर यशस्विनी मिसकडे पाठवीन." म्हणजे बोलायला येणारं पोर आधीच घाबरलेलं. यशस्विनीच्या तळपायाची आग मस्तकात जाई, पण नोकरीपायी ती राग गिळून बसे.

तिसरीतली भव्या त्या खोलीत आली तेव्हा वर्गात चकार शब्द बोलत नव्हती. शाळेत असेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नव्हती. पोर घरी मराठी बोलणारी, म्हणून यशस्विनी तिच्याशी घरच्यासारखं मराठीतच बोलू लागली. बरेच दिवस गेल्यावर भव्याने तोंड उघडलं.

"बाहेर जाऊ का म्हणून विचारायला भ्या वाटतंय, मिस. मग वर्गातच झालं. कुणाला सांगू नका, आयिता? नाही ना सांगणार?"

यशस्विनीने शब्द दिला. पण बाईंना न विचारता भव्याला वर्गाबाहेर जाता यावं, तर मुख्याध्यापकांची परवानगी हवी, आणि विजयेंद्र सर कारण ऐकल्याशिवाय मान हलवत नसत. भव्याची समजूत घालून तिने तेवढं एकट्या सरांच्या कानावर घातलं. परवानगी मिळाली. भव्या पाणी पिऊ लागली, हळूहळू हसूही लागली.

आणि मग या सद्गृहस्थांना अभिमानाचं भरतं आलं. सोमवारच्या प्रार्थनेला त्यांनी भव्याला मंचावर बोलावलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवरून साऱ्या शाळेला सांगितलं की ही मुलगी वर्गात कपडे ओले करायची, आपल्या शाळेतल्या समुपदेशनाने बरी झाली, तिच्यासाठी टाळ्या. अख्ख्या शाळेने टाळ्या वाजवल्या. भव्या स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. त्या दिवसापासून ती पुन्हा गप्प झाली, आणि यशस्विनी समोरून आली की भिंतीकडे तोंड करू लागली.

हे बघून यशस्विनी तडक सरांच्या खोलीत गेली.

"कौतुकच केलं की, अल्लवा?" सर म्हणाले. "पालक केवढे खूश आहेत. पुढच्या सोमवारसाठी आणखी मुलांची नावं द्या."

कौतुक म्हणे. टेबलावरचा पेपरवेट उचलून भिंतीवर फोडावा असं तिला वाटलं. एका लेकराचा विश्वास या माणसाने चव्हाट्यावर मांडला होता आणि वर त्याला आणखी लेकरं हवी होती.

"देते," ती म्हणाली.

सोमवारी माइक तिनेच हातात घेतला. "आज आपले सर स्वतः सांगतील," ती कन्नडमध्ये म्हणाली, "लहानपणी ते कशाला घाबरायचे, आणि घाबरून काय करायचे. मग आपण टाळ्या वाजवू."

सर पुढे आले खरे, पण तोंडातून शब्द फुटेना. कान लाल झाले, हात उगाच खिशात गेला नि बाहेर आला. पोरांनी सांगितल्याप्रमाणे टाळ्या पिटल्या. शिक्षिका तोंडाला पदर लावून हसल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या यशस्विनीच्या होत्या. नोकरी गेली तर गेली, बापाच्या दुकानात मशीन चालवीन, असं म्हणत ती ताठ मानेने खोलीत परतली.

दुपारी दारात भव्या उभी. किती दिवसांनी आपणहून आलेली. यशस्विनीला भरून आलं.

"ये गं. सकाळी बघितलंस ना? तुझ्यासाठीच केलं मी."

भव्या उंबऱ्याबाहेरच थांबली.

"सरांना रडायला येत होतं, मिस," ती म्हणाली. "मी टाळ्या नाही वाजवल्या. तुम्ही वाजवल्या."