उलट्या शिवणीचं झंपर

"दुखणं गेलं न्हाई, म्या त्याला घरात वेगळी खोली दिली."

भोकरदनच्या दैवशालानं हे एकदा डॉक्टरांना ऐकवलं होतं. डॉक्टर हसले नाहीत, म्हणून ती त्यांच्याकडेच टिकली. बाकी सगळे हसायचे.

काही वर्षांपूर्वी तिच्या डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत नागीण उठली होती. थोरल्या जाऊबाई, झुंबरबाई, यांनी गेरूचा लेप लावला, उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला. नागीण सुकली, खपल्या गळाल्या. आग मात्र शिरांमध्ये राहिली. पंख्याचा वारा लागला तरी विस्तव टेकवल्यासारखं व्हायचं. आणि दाखवायला काय? काहीच नाही. रक्त दिसल्याशिवाय माणसं माणसाला खरं मानत नाहीत.

"कातडी तर चांगली हाये बाई," झुंबरबाई म्हणायच्या. "कापूस वेचायला निघालं की बराबर दुखतंय तुझं."

दैवशाला शिवणकाम करायची. एके दिवशी तिनं स्वतःचं झंपर उसवलं आणि उलटं शिवलं. शिवण बाहेर, मऊ बाजू आत. पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर नेला. पहाटे वारा पडलेला असताना फिरायला जाऊ लागली. संध्याकाळची गोळी कधी चुकवली नाही. सगळ्यात जड गेलं ते मशीन वेळेवर थांबवणं. दुखणं उसळायच्या आधी उठायचं, उसळल्यावर नाही. काम अर्धं टाकणं म्हणजे आळस, हेच तिला लहानपणापासून शिकवलेलं. तरी आग उठायचीच. मग ती भांडायची नाही. "आलीस का? बस तिकडं. मला काज करायचेत."

गल्लीत कुणीतरी हटकून ओरडायचं, "अगं, झंपर उलटं घातलं की!"

"माझ्या अंगाला सुलटंच हाये ते," ती म्हणायची.

जालन्याच्या सुमेधाताई मनःशक्तीचे वर्ग घ्यायच्या. त्यांनी दैवशालाला भोकरदनच्या कार्यक्रमात बोलायला बोलावलं. तिची अट एकच होती, "बरी झाले म्हणू नका. दुखण्यासंगं कशी राहते ते सांगते."

"बिलकुल," ताई म्हणाल्या.

मंगल कार्यालयात मंचावर फलक होता : 'वेदनेवर विजय'. तो वाचूनच तिचं डोकं तापलं. ताईंनी माइक घेतला. "या आपल्या दैवशालाताई! यांनी फक्त विचारांच्या जोरावर दुखणं पळवून लावलं!" टाळ्या पडल्या. झुंबरबाईही वाजवत होत्या. इतकी वर्षं ज्यांनी दुखणं खोटं ठरवलं, त्यांनाच आता ते गेल्याचं कौतुक!

पुढच्या रांगेतली एक बाई उठली. तिनं आपला दंड अंगापासून लांब धरला होता. दैवशालानं ते धरणं ओळखलं.

"मंग ताई, म्या गोळ्या बंद करू का?"

"मनच औषध आहे," सुमेधाताई म्हणाल्या.

दैवशाला माइकजवळ गेली. "बंद करू नका, बाई. म्या रोज घेते. काल बी घेतली. माझं दुखणं गेलं न्हाई, आत्ता बी हाये. डाक्टरला इचारल्याबिगर काही सोडू नका. मन लागतं, पण ते गोळीच्या जागी न्हाई, गोळीच्या सोबत."

ती बाई हळूच खाली बसली. सुमेधाताईंना मात्र हसू सापडलं. "किती विनम्र! दुखणं गेलं तरी श्रेय घेत नाहीत. जोरदार टाळ्या!" आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी तबकातली शाल उचलली, झटकली, आणि दैवशालाच्या खांद्यांवरून टाकून डाव्या बाजूला प्रेमानं दाबून बसवली. जाडजूड, खरखरीत, नवी कोरी.

बरगडीत आग भडकली. हातात नारळ आला. फोटो काढणारा म्हणाला, "ताई, थोडं हसा."

तिनं नारळ टेबलावर ठेवला. दोन बोटांनी शालीचं टोक धरलं, अंगावरून सोलल्यासारखी ती काढली. नीट घडी घातली. घडी सुमेधाताईंच्या हातात दिली. झुंबरबाई खालून खुणा करत होत्या, राहू दे, राहू दे.

दैवशालानं पदर उजव्या खांद्यावर सारखा केला. उलट्या शिवणीचे टाके सगळ्यांना दिसत होते. पायऱ्या उतरून, दंड जपत बसलेल्या त्या बाईच्या समोरून ती दाराबाहेर पडली.