तिकोनी ठिगळाची चप्पल

भूतबित मी कधी मानलं नाही. माझं तेलगावला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेला फोन उघडला की आत कारण सापडतंच — या एका गोष्टीवर माझं पोट चालतं. गावात कुणी बाहेरचं वगैरे म्हणायला लागलं की मी त्यांची खेचायचो. आता खेचत नाही.

नेकनूरच्या वरच्या अंगाला बालाघाटाच्या माळावर माझ्या मामाची वस्ती आहे. मामाकडे पन्नासेक मेंढरं आणि चार म्हशी. वस्तीखाली साठवण तलाव. उन्हाळ्यात त्याचं पाणी मधोमध डबक्याएवढं उरतं आणि बाकी सगळा गाळ उघडा पडतो. पलीकडच्या माळावर जायला काठाने तासभर लागतो, तलावातून वीस मिनिटं. पण गाळ फसवा. वरून भेगाळलेला, कडक, आणि आत भज्यांच्या पिठासारखा.

म्हणून मामाचा एकच कायदा होता. "म्हशीच्या खुरानं चालायचं. म्हैस जितून गेली तितून माणूस जातोच. माणसाच्या पावलामागं जाऊ नको बे... त्यो पुढं पोचला का न्हाई, कुणाला ठाव?"

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, भर दुपार. मामा म्हशी आणि मेंढरं घेऊन पलीकडे गेलेला. मामीने भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि मी तलावात उतरलो. रेंज नाही, चिटपाखरू नाही. म्हशींच्या खुरांची वाट लांबून वळसा घेत होती. तेवढ्यात चपलांचे ठसे दिसले, सरळ पलीकडे गेलेले. गुळगुळीत झिजलेला तळ, आणि उजव्या टाचेला तिकोनी ठिगळ, त्यावर तीन खिळ्यांचे टिपके. मला वाटलं मामाच गेला असेल. त्याचा कायदा तोच मोडतोय म्हटल्यावर मला हसूच आलं. मी खुरांची वाट सोडली आणि ठशांमागे निघालो.

शंभरेक पावलं गेलो असेन. मग लक्षात आलं — पुढच्या ठशांत पाणी भरत होतं. हळूहळू, माझ्या डोळ्यांदेखत. आत्ताच पाय उचललाय असं. मान वर केली. सपाट गाळ, लख्ख ऊन, लांबवर कुणीही नाही. तरीही मी पुढे का गेलो, हे मला आजही सांगता येत नाही.

एका जागी दोन्ही पावलं शेजारी शेजारी होती, खूप खोल. त्यापुढे ठसा नव्हता. मागे फिरलेलाही नव्हता. मी थांबलो आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. पाय ओढायला गेलो तर मांडीपर्यंत.

"हलू नको बे दत्त्या! आडवा पड!"

मामा पलीकडच्या काठावरून पळत येत होता... म्हशींच्या वाटेने. त्याने घोंगडी गाळावर पसरली, काठी पुढे केली आणि मला ओढून काढलं. बाहेर आलो तो रडतच.

"मामा, तुमी कावून इथून गेलतात?"

"मी न्हाई गेलतो. मी म्हशीमागं होतो." मामाने पाय उचलून दाखवला. टायरची कोरी चप्पल, गेल्याच आठवडी बाजारात घेतलेली. तळावर नक्षी जशीच्या तशी. ठिगळ नाही, खिळे नाहीत. मामाने त्या ठशांकडे बघितलं आणि म्हणाला, "मामीला सांगू नको."

आसपासच्या वस्त्यांवर चौकशी केली. कुणी हरवलं नव्हतं. मग मी तो विषय मनातून काढून टाकला, म्हणजे तसा प्रयत्न केला.

गेल्या महिन्यात वस्तीवर गेलो. उंबऱ्याजवळ मामाच्या चपला होत्या. त्याच, टायरच्या. आता झिजून गुळगुळीत झालेल्या. सहज उजवी पालथी केली. टाचेला तिकोनी ठिगळ, तीन खिळे.

"बाभळीचा काटा आरपार गेलता," मामा म्हणाला. "कालच्या बाजारात ठोकून घेतलं."

मी मामाला सगळं सांगितलं. तो हसला. "ठिगळ काय, अख्ख्या बाजारात तसंच मारतेत." असेलही तसं. पण मी त्या चपला उकिरड्यात फेकल्या, तसाच नेकनूरला गेलो आणि भारीतली नवी जोडी आणून त्याच्या पायात घातली. मामा खूश झाला. मीही सुटल्यासारखा घरी आलो.

आज दुपारी मामीचा फोन आला. तलाव आटलाय, उद्या सकाळपासून मामा तलावातूनच जाणार म्हणाली. मी विचारलं, "नवी चप्पल घालतेत ना?"

"घालतेत की! लई जपतेत. बाजाराला, लग्नाला. गाळात कशाला खराब करायची म्हणून त्या जुन्या उकिरड्यातून काढल्यात. धुऊन उंबऱ्यात ठेवल्यात बघ उद्यासाठी."

मामाला फोन द्या म्हणेपर्यंत रेंज गेली. तेव्हापासून लागत नाही.

कारण मला अजून सापडलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर लिहा, पण उत्तर वाचायला मी रेंजमध्ये नसेन. दुकानाचं शटर ओढून बसमध्ये बसलोय. उद्या दिवस उगवायच्या आत मला त्या उंबऱ्यापाशी पोचायचंय.