मस्कतच्या कानात कुर्र

जयपूरच्या खातीपुऱ्यात रत्नप्रभा साळुंखे यांचा आवाज ज्याला ओळखता येत नाही, तो माणूस एकतर बहिरा असणार, नाहीतर कालच बदली होऊन आलेला. त्या गच्चीवरून भाजीवाल्या भैयाला हाक मारायच्या आणि स्टेशनावरचे हमाल वळून बघायचे. नवरा उत्तमराव तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "नोकरी तोफखान्यात केली, पण खरी तोफ कायम घरी ठिवून जात हुतो."

अशा या रत्नप्रभाबाई पंच्याऐंशी सालच्या त्या आठवड्यात हर्षाने नुसत्या वेड्या झाल्या होत्या. मस्कतहून तार आली होती. त्यांच्या भावाला, संभाजीला, मुलगी झाली होती.

संभाजी नावाला भाऊ. खरं तर त्यांनीच वाढवलेला. लग्न होऊन त्या कराडजवळच्या खेड्यातून जयपूरला निघाल्या, तेव्हा आई नुकतीच गेली होती आणि संभाजी अजून बोट धरून चालत होता. गाडीत चढायच्या आधीच नव्या नवरीनं नवऱ्याला बजावलं, "मी येकटी येणार न्हाई. ह्यो बी येणार." फौजी माणसानं बायकोचा पहिलाच हुकूम निमूट मानला आणि पुढे जन्मभर तीच सवय पडली. संभाजी जयपुरात शिकला, हिंदीत भांडायला लागला, घरच्या मराठीत "मतलब" पेरायला लागला. वायरिंगचं काम शिकला, आक्कानं बघून दिलेल्या वासंतीशी लग्न केलं आणि एक दिवस बायकोला घेऊन मस्कतला निघून गेला. विमानात बसला तो दिवस रत्नप्रभाबाई चक्क गप्प होत्या. शेजाऱ्यांना वाटलं, आजारी आहेत.

फोन गल्लीत एकच, समोरच्या शेखावतांकडे. तारेमागोमाग संभाजीचा फोनही तिथेच आला. तो म्हणाला, "आक्का, शुक्रवारी बारसं आहे. इथं शुक्रवारी सुट्टी असते ना. तू तर येऊ नाही शकणार. मतलब, इथं शेजारी एक नागपूरच्या वहिनी आहेत, त्या आत्या बनायला तयार आहेत."

"बनायला?" शेखावतांच्या कपाटातली काचेची भांडी वाजली. "आत्ती काय नाटकात बनायची असती व्हय रं?"

आणि त्यांचं खोटं नव्हतं. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्र" करते आणि नाव सांगते. त्याच क्षणी जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. ते धपाटे खायचा मान फक्त आत्याचा. संभाजीला तर दुसरी बहीणही नव्हती. सख्खी आत्या धडधाकट जिवंत असताना उसनी आत्या उभी करायची म्हणजे काय? पण या रागाखाली एक भीतीही होती आणि ती त्यांना सारखी टोचत होती. घर दूर गेलं, बोलणं दूर गेलं, आता पोरीचं नावही परक्या माणसानं ठेवलं, तर संभाजीचं आणि आपलं काय राहिलं?

"आसं कर," त्या फोनवर म्हणाल्या, "शुक्रवारी मी फोन लावते. तू फोन पोरीच्या कानाला लाव. मी हितनं कुर्र करते."

"फोनची कशाला नड?" उत्तमराव दारातून म्हणाले. "गच्चीवर जाऊन सांग की. मस्कतला जाईल ऐकू."

शुक्रवारी सकाळीच ट्रंक कॉल नोंदवून झाला. रत्नप्रभाबाईंनी घुगऱ्या शिजवल्या, काठापदराची साडी नेसली, नाकात नथ घातली आणि मोठं पातेलं घेऊन शेखावतांकडे थडकल्या. फोनच्या तिपाईभोवती रांगोळी काढली. फोनला हळदकुंकू वाहिलं. शेखावतजींच्या भुवया वर गेल्या, पण त्यांच्या बायकोनं, भाभीजींनी, त्यांना डोळ्यांनीच बाहेर काढलं. "हमारे यहाँ भी नाम बुआ ही रखती है," असं म्हणून त्यांनी गल्लीतल्या सगळ्या बायका गोळा केल्या. धपाटे कसे घालायचे याचा धडा झाला, तालीम झाली. तालमीतच रत्नप्रभाबाईंची पाठ लाल झाली.

"नाव तर सांगशील?" उत्तमरावांनी विचारलं.

"कानात सांगायचं आस्तंय त्ये. तुमच्या न्हाई, पोरीच्या."

दुपारी घंटी वाजली. "मस्कत लाइन पर है, बात कीजिए," ऑपरेटर मुलगी म्हणाली. पाठोपाठ संभाजीचा आनंदी आवाज आला, "आक्का, येतोय आवाज! पाळणा सजवलाय! लावतो कानाला!"

रत्नप्रभाबाईंनी छाती भरून श्वास घेतला.

"कुर्रर्रर्र—"

बायका तुटून पडल्या. धप, धप, धप! आणि त्या गदारोळात फोनमधून आवाज आला, "हैलो, हैलो, लाइन में बहुत खरखराहट है, काटकर दुबारा मिलाती हूँ."

खट्. धपाटे फुकट गेले.

रत्नप्रभाबाईंनी एक्स्चेंज लावलं आणि कडाडल्या, "अगं ए बेटी! वो खरखराहट नहीं थी! वो मैं थी!"

पलीकडून दबलेलं हसू ऐकू आलं. रत्नप्रभाबाईंनी तिला आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. भाऊ, पाळणा, कान, कुर्र, नागपूरची वहिनी. ऐकता ऐकता त्या मुलीचं हसणं थांबलं. "आप बुआ हो?" ती म्हणाली. "रुकिए. मिलाती हूँ."

वाट बघणं रत्नप्रभाबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्या उठल्या, बसल्या, नथ सारखी केली, घुगऱ्या ढवळल्या. तिकडे पाहुणे ताटकळले असतील. पोर भुकेली झाली असेल. त्या नागपूरकरीण वहिनी पदर खोचून तयारच असतील. उत्तमरावांनी थट्टेसाठी उघडलेलं तोंड बायकोचा चेहरा बघून मिटून घेतलं.

पुन्हा घंटी वाजली. या वेळी आधी ऐकू आलं ते रडणं. बारीक, चिरकं, ताज्या जिवाचं रडणं. रत्नप्रभाबाईंनी पोरीला पहिल्यांदाच ऐकलं. "माजी बाय गं!" त्या ओरडल्या.

"हॅलो आक्का? बोल ना!" संभाजी म्हणाला. "काहीच येत नाही ऐकू."

रत्नप्रभाबाई ओरडल्या. अख्ख्या खातीपुऱ्यानं ऐकलं, झाडावरचे मोर उडाले, पण मस्कतला काही पोचेना. मध्येच ती मुलगी बोलली, "बुआजी, आपकी आवाज़ उधर नहीं जा रही. मेरी जा रही है. मैं बोल दूँ नाम?"

जे नको म्हणून एवढा आटापिटा केला, तेच समोर आलं होतं. परकीच्या तोंडून नाव! तिकडे संभाजी कुणालातरी सांगत होता, "नाही लागत लाइन. वहिनी, तुम्हीच या मग."

"बेटी," रत्नप्रभाबाईंनी घाईनं विचारलं, "तुझं नाव क्या है?"

"सरोज."

"भाई है तेरे को?"

"है. छोटा है. बीकानेर में." ती म्हणाली. "मैंने ही पाला है."

रत्नप्रभाबाईंनी डोळे पुसले. आता विचार करायला काही उरलंच नव्हतं. "तो सुन सरोज. पहले कुर्र बोलना. फिर नाम. निशिगंधा."

"मतलब रजनीगंधा?"

"मतलब वही, पर बोलना वो नहीं! नि-शि-गं-धा!"

"निशिगंधा," सरोज घोकत म्हणाली. मग मस्कतला तिनं ठणकावून सांगितलं, "हैलो, फोन बच्ची के कान पर रखिए!" आणि अगदी लाजत, मांजरानं घुरघुरावं तशी ती म्हणाली, "कुर्र."

"मोठ्यानं गं!" रत्नप्रभाबाईंना राहवेना. "लाइन खराब हो गई ऐसा समझ के बोल!"

सरोजनं सगळी लाज सोडली. "कुर्रर्रर्र! निशिगंधा!"

भाभीजींनी पहिला धपाटा घातला आणि मग गल्ली तुटून पडली. रत्नप्रभाबाई वाकून हसत होत्या, रडत होत्या, कानाचा फोन मात्र सोडत नव्हत्या. तिकडे टाळ्या वाजल्या. वासंतीचा आवाज आला, "निशिगंधा! किती छान!" पोर अजून रडतच होती. उत्तमराव कोपऱ्यात उभे राहून ते नाव स्वतःशी म्हणून बघत होते.

मग संभाजी गोंधळून म्हणाला, "हॅलो? आवाज आक्कासारखा नाही वाटला. कौन बोल रहा है?"

"बुआजी," सरोज हळूच म्हणाली, "पूछ रहे हैं, कौन बोल रहा है. क्या कहूँ?"

रत्नप्रभाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला. खातीपुऱ्यानं त्यांचा एवढा मऊ आवाज आजवर ऐकला नव्हता.

"बोल दे, जयपुर वाली बुआ."

सरोजनं घसा साफ केला.

"जयपुर वाली बुआ," ती मस्कतला म्हणाली, "बोल रही हूँ."