बरणीवरचं नाव

हे मी घरी सांगितलेलं नाही, मैत्रिणींना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. कागदावरसुद्धा आज पहिल्यांदा उतरवते आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

उल्हासनगरच्या कॉलेजात मी एस. वाय. बी.एस्सी.ला होते, विषय प्राणिशास्त्र. अंबरनाथहून यायचे. पप्पा आनंदनगरच्या एका कारखान्यात कामाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच — त्याचा मला अभिमान होता, आणि भीतीही. कुणाला कळलं की मला काही येत नाही, तर?

त्या वर्षी विभागाने ठरवलं, वर्गाला मुंबईच्या संग्रहालयात न्यायचं, निसर्ग-इतिहासाचा विभाग दाखवायला. पेंढा भरलेले पक्षी, सांगाडे, पुस्तकातल्या चित्रांमधले प्राणी समोर. विभागप्रमुख सरांनी सगळं माझ्याकडे सोपवलं, कारण वर्गात माझा पहिला नंबर होता. "फोन करून त्यांच्याकडून तारीख घे, ती या पत्रात टाक आणि पोस्ट कर," म्हणाले. सहीचं पत्र माझ्या हातात दिलं.

फोन. एवढंच काम होतं.

कॉलेजसमोरच्या बूथवर गेले. वहीत चार इंग्रजी वाक्यं लिहून नेली होती. पलीकडून एक बाई बोलल्या — भराभर, स्वच्छ इंग्रजीत. त्यांनी काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. बूथवाले सिंधी काका म्हणाले, "बोलो ना बेटी, सामनेवाला सुन रहा है." मी रिसीव्हर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि रस्त्यावरूनच परत फिरले. तिसऱ्या दिवशी सर व्हरांड्यात भेटले. "झालं का बोलणं?"

मी "हो सर" म्हटलं.

इथेच थांबता आलं असतं ना? पण सरांनी तारीख विचारली, मी तारीख सांगितली. मुलींनी विचारलं, तिथे कोण दाखवणार? — मी एक बाई तयार केल्या, त्यांना आवाज दिला, स्वभाव दिला. एकदा तर सांगून टाकलं की एरवी बंद असणारे पक्ष्यांचे खण त्या आपल्यासाठी उघडणार आहेत. मनीषा सगळ्यांसमोर म्हणाली, "आमची मॅडम एकदम व्हीआयपी हां! फोनवर इंग्लिश फाडते." सगळे हसले, मीही हसले. सहीचं पत्र माझ्या बॅगेत तसंच पडून होतं. रोज एक नवीन खोटं, आणि ते सांभाळायला दुसरं. सकाळी डबा भरतानाच मनात यायचं — आज कोण काय विचारेल?

आणि मग भोईरमामा.

ते आमच्या लॅबचे अटेंडंट, बदलापूरच्या बाजूचे. नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी नदीत स्वतः एक मासा पकडून लॅबसाठी आणला होता. बोटभर लांबीचा, शेपटीपाशी काळा पट्टा. फॉर्मालिनच्या बरणीत तो अजून होता. बाकी सगळ्या बरण्यांवर शास्त्रीय नावं. या एकीवर नुसतं इंग्रजीत 'मासा, उल्हास नदी'. कुठल्याच सरांना तो ओळखता आला नव्हता, की कुणी मनावर घेतलं नव्हतं. मामा मला म्हणाले, "बाय, सगल्यांना नाव हाय, माज्याच माशाला नाय. मी बरनी घेऊन येतो तुमच्याबरोबर. त्या बाईंना इचार, वलखतील का?"

त्या बाईंना! मी मान हलवली. महिनाअखेरीला मामा निवृत्त होणार होते. सरांनी त्यांचंही नाव यादीत घातलं. मामांनी बरणी पुसून लख्ख केली, झाकणाला मेण लावलं, न्यायला एक जाड पिशवी शिवून घेतली.

सहलीच्या तीन दिवस आधी मी सरांना सांगितलं, संग्रहालयाला पुन्हा फोन केला होता, दुरुस्तीसाठी तो विभाग बंद आहे. सर म्हणाले, "असू दे, पुढच्या वर्षी बघू." वर्ग कुरकुरला आणि विसरला. मला वाटलं, सुटले.

दुपारी मामा लॅबच्या दाराशी उभे होते. चिडले नव्हते. म्हणाले, "आता माजं जानं काय व्हत नाय. पन फोनवर इचारलंस का गो, माशाचं?"

विचारायचं राहिलं, मामा — एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटंच, पण लहान खोटं. मी तसं का म्हटलं नाही? दया आली म्हणून? मला तसं वाटून घ्यायला आवडेल. पण खरं सांगू? त्या क्षणीसुद्धा मला त्यांच्या नजरेत तीच मुलगी राहायचं होतं, जिने मुंबईला फोन करून काम केलं.

मी म्हटलं, "हो मामा. वर्णन सांगितलं. त्यांनी नाव दिलं." आणि लायब्ररीतल्या जाड पुस्तकात आठवड्यापूर्वी पाहिलेलं एक नाव बोलले. त्या माशाचं चित्रही मी नीट पाहिलेलं नव्हतं. ते नाव इथे लिहीत नाही. आणखी एका कागदावर ते नको.

मामांनी माझ्याकडून ते मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. काळ्या शाईने, एकेक अक्षर बघून बघून, नव्या चिठ्ठीवर उतरवलं. एक चिठ्ठी बिघडली, दुसरी केली. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "संग्रहालयानेच सांगितलंय ना? मग झालं." निरोपसमारंभात मामा दोनच मिनिटं बोलले, त्यात हेही बोलले. माझं नाव घेऊन. टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या.

नंतरही संधी होत्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. मामांनी मला पाहुण्यांपुढे नेऊन उभं केलं, "हीच ती," म्हणाले. कुणीतरी त्यांना माशाचं नाव विचारलं आणि त्यांनी ते न अडखळता सांगितलं. पाठ केलं होतं. मी जेवून आले.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत ओळखायला ठेवलेल्या नमुन्यांत सातव्या क्रमांकावर ती बरणी होती. चिठ्ठीवर पांढरा कागद चिकटवून नाव झाकलेलं. वर्गात सगळ्यांनी तेच नाव पाठ केलेलं होतं. बाहेरून आलेले परीक्षक दोन पावलांवर, विभागाने दिलेली नावांची यादी घेऊन खुर्चीत बसलेले. उत्तरपत्रिकेत रकाना रिकामा सोडता आला असता. 'माहीत नाही' लिहिता आलं असतं, आणि या बरणीपुरतं ते खरं असतं.

मी नाव लिहिलं. त्या उत्तराला मला पूर्ण गुण मिळाले.