दत्तूच्या वस्तीवरचा बिबट्या

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. आणि मी काय गप्प बसणारा माणूस आहे का राव? कळंबच्या चौकात विचारा — एका सामन्यात सोळा पेनल्ट्या अडवल्या, त्यातली एक दातांनी, असं मीच सांगत फिरतो. लोक हसतात, चहा पाजतात. पण ही — ही ओठांशी येते आणि परत खाली जाते.

मी गोलकीपर. वय एकोणीस. सतराव्या वर्षी पुण्यातल्या एका व्यावसायिक क्लबात निवड झाली. गावानं फ्लेक्स लावला, तो एवढा मोठा की विमानातून — हे बघा, पुन्हा सुरू झालो.

दत्तू माझ्याहून चांगला होता. झालं, एवढं तरी लिहिलं. निरगुडसरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, माझ्याच वयाचा. उधळलेलं कोकरू पळतापळता उचलायची सवय त्याच्या हातांना; चेंडू त्या हातांत आला की गप पडून राहायचा. माझ्या हातांतून निसटायचा. क्लबाच्या निवड चाचणीला दोघांना बोलावलं, पण जागा एकच आहे हे प्रशिक्षकांनी फोनवर फक्त मला सांगितलं. मी दत्तूला बोललो नाही. पण ही कबुली त्या गोष्टीची नाही. ते तर काहीच नाही.

चाचणीच्या दिवशी पहाटे मोटारसायकलवर मी त्याला वस्तीवरून घ्यायचं, असं ठरलं होतं. गेलो. वेळेवर गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, वाट मोकळी, कुत्रंसुद्धा आडवं आलं नाही. आणि दारात पोचून त्याच्या आईला म्हणालो, "मावशी, कालव्याच्या वळणावर बिबट्या बसलाय."

पंधरा दिवसांपूर्वीच बिबट्यानं त्यांची गाभण मेंढी नेली होती. मला माहीत नव्हतं का? माहीत होतं — म्हणूनच.

एरवी मी पाच सांगितले असते, एकाला शेपटीला धरून गरागरा फिरवलंही असतं. त्या दिवशी एकच सांगितला. तोही नुसता बसलेला. म्हणून तिला खरं वाटलं.

"आये, गाडीवर हाय ना आमी!" दत्तू बूट घालून तयार.

"न्हाई म्हंजी न्हाई!" मावशीनं त्याला आत ढकलून कडी घातली. "तू बी थांब रं. बॉल काय पळून चाललाय व्हय?"

आतून दत्तू ओरडला, "भाऊ, तू तरी जा! दोघांचं कशाला वाटोळं? सरांना सांग, पुढच्या खेपंला येतो."

मी गेलो. सरांनी विचारलं, दुसरा कुठाय? मी म्हणालो — त्याला इंटरेस्ट नाही, सर.

त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. आता तो नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलतो. माझा पहिला सामना त्यानं तिथंच मोबाइलवर पाहिला. फोनवर एवढा ओरडला की शब्दच कळेनात. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, थँक्यू.

गेल्या महिन्यात वस्तीवर गेलो होतो. मावशी पाहुण्यांना सांगत होती — या पोरानं जिवावर उदार होऊन आमच्या दत्तूला वाचवलं. एक जण म्हणाला, "पावणं, केवढा व्हता हो?"

दत्तू माझ्याकडेच बघत होता.

मी सांगितलं. वासराएवढा होता. या वेळी सोबत दोन बछडीही होती.