स्टेशन वॅगन होईपर्यंत

आमच्या ह्यांनी स्टेशन वॅगन घेतली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीत ती कित्येक वर्षं उभी होती. मागचा सगळा सांगाडा लाकडी, आणि तोही कुजलेला. मालकाने ती जवळजवळ देऊनच टाकली. बैल जुंपून ती ओढत घिवलीला आमच्या भाड्याच्या घरापुढे आणायला दोन दिवस लागले. एक कोंबडी तिच्याबरोबरच आली आणि बरेच दिवस मागच्या सीटखाली अंडी घालत राहिली. आमच्याकडे अंडं चालत नसे, त्यामुळे शेजारी मात्र गाडीवर खूश होते.

हे तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे ड्राफ्ट्समन होते. लग्न होऊन मी सांगलीहून इथे आले ती बी.ए., बी.टी. होऊन. पालघरच्या एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा मला मिळत होती. हे म्हणाले, "एसटीत मासळीच्या पाट्या असतात. डोकं उठेल तुझं. गाडी झाली की मी रोज सोडीन, रोज आणीन." मी शाळेला तसं कळवलं. गणिताला कोणी मिळत नव्हतं, म्हणून शाळाही थांबली.

आम्ही सगळे थांबलो ते दोन वर्षं.

ह्यांची कामाची पद्धत अशी, की कुठलाही भाग काढला की आधी त्याचं चित्र काढायचं. कार्बोरेटरची तीन बाजूंनी तीन चित्रं झाली. नटबोल्ट माझ्या पिठाच्या डब्यांत गेले आणि पीठ पातेल्यात आलं. तिकडे समुद्राकाठी केवढ्या भिंती उभ्या राहिल्या, देशाला वीज मिळायची वेळ आली, आणि इकडे आमच्या गाडीचं पुढचं दार अजून भिंतीला टेकून उभं होतं. पाहुणे आले की हे त्यांना गाडी दाखवत आणि मी चहा करी. पाहुण्यांना गाडीत बसायचं असलं तर त्यांनी पुढल्या खेपेला यावं, असं ठरलेलं होतं.

लाकूडकामाला गावातला होड्या बांधणारा एक म्हातारा सुतार आला. ह्यांनी त्याला इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत काढलेला नकाशा दिला. त्याने तो नीट पाहिला, वाळूवर अंथरला आणि त्यावर बसून कामाला लागला. मापं डोळ्याने आणि सुतळीने घेतली. प्रत्येक फटीत कापूस ठासून वर राळ भरली आणि शेवटी सगळ्या लाकडाला माशाच्या तेलाचे दोन हात दिले. "आता दर्यात घाला, थेंब नाय येणार आत," तो म्हणाला. ज्या वासापायी मला एसटी वर्ज्य होती, तो आता अंगणात मुक्कामाला आला. हे मी ह्यांना बोलून दाखवलं, तेव्हा ह्यांना एकाएकी कमी ऐकू येऊ लागलं.

मग शाळेचं पत्र आलं. येत्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. मी ते हातात घेऊन अंगणात आले तर हे कामावर गेलेले, आणि सुतार दाराच्या बिजागरीला तेल घालत होता. मी विचारलं, अजून किती दिवस?

"बाय, गाडी कवाची झाली हाय," तो म्हणाला. "सायब चालू करतो, आवाज ऐकतो, नि परत खोलतो. आमी होडी झाली का पाण्यात घालतो. सायब का नाय घालत?"

हे घरी आल्यावर मी पत्र पुढे ठेवलं आणि सुताराचाच प्रश्न विचारला. ह्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"मला चालवता येत नाही," हे म्हणाले. "साइटवर सगळ्यांना वाटतं येतं. आता शिकव म्हणून कुणाला सांगू?"

मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला, की मी फाडफाड बोलले. माझी दोन वर्षं वाया घालवलीत, म्हणाले.

सोमवारी हे माझी पिशवी घेऊन एसटीपर्यंत आले. एसटीत एका कोळिणीने पाटी पायाशी ओढून मला जागा दिली. मला बी.टी.च्या परीक्षेचा पाठ आठवला. लिहिताना फळ्यावर खडू तुटला होता आणि मागच्या बाकावरची मुलं हसली होती. तेव्हापासून वर्गाची मला भीती बसली होती. एसटी रोज पालघरला जात होती, दोन वर्षं जात होती. हे इंजिन पुन्हा खोलायला बसले की मी चारचौघांत कपाळाला हात लावी आणि आत जाऊन सुटकेचा श्वास टाकी. ह्यांनी आपलं त्या दिवशी सांगून टाकलं. मी माझं अजून सांगितलेलं नाही.